के-पॉपच्या चित्रीकरणाच्या जागा आणि खासगी गाइड: कुठे पैसे घालावेत, कुठे नाही

सोलमध्ये के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, नावाने टूर विकणाऱ्यांची कमी नाही. ऐसपैस व्हॅन, इंग्रजी बोलणारा गाइड, एका दिवसात दहा-बारा ‘स्पॉट’. यादी वाचताना हरखून जायला होतं. संध्याकाळी हिशेब मांडला की कळतं, निम्म्याहून अधिक स्पॉट म्हणजे गाडीतून उतरून पाहिलेल्या काचेच्या इमारती होत्या. मेट्रोचं तिकीट काढून त्या आपल्या आपण पाहता आल्या असत्या.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. खासगी गाइड घ्यावा तो सोलच्या बाहेरच्या जागांसाठी, जिथे बस तासा-दोन तासाने येते किंवा कोरियन भाषेत फोन केल्याशिवाय काम होत नाही. शहरातल्या जागांसाठी फार तर अर्धा दिवस, पायी फिरवणारा गाइड पुरे. गाडी नकोच. खाली जे लिहिलं आहे ते याच हिशेबाने.

यादी आधी आपण करायची

गाइडला ‘के-पॉप लोकेशन दाखवा’ एवढंच सांगितलंत तर तो त्याच्या सोयीचा दिवस तुमच्या गळ्यात मारणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा आपल्याला नक्की काय पाहायचं आहे ते घरीच ठरवा.

या टूरमध्ये चार वेगळ्या प्रकारच्या जागा एकाच पिशवीत भरलेल्या असतात. पहिला प्रकार म्हणजे म्युझिक व्हिडिओ जिथे खरोखर चित्रित झाला ती जागा. दुसरा, अल्बमच्या फोटोशूटची जागा. तिसरा, टीव्ही किंवा ऑनलाइन कार्यक्रमाच्या चित्रीकरणाची. आणि चौथा, कलाकार घडवणाऱ्या संगीत कंपन्यांची कार्यालयं, कलाकार शिकाऊ असताना जिथे जेवायचे ती हॉटेलं, जुनी वसतिगृहं. चौथ्या प्रकारात चित्रीकरणाचा काही संबंध नसतो, पण बहुतेक टूर त्याच्यावरच चालतात, कारण त्या जागा शहरात एकमेकींच्या जवळ आहेत. त्या पाहू नयेत असं नाही, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

शिवाय आपल्या आवडत्या गाण्याची जागा कोरियात असेलच असंही नाही. ट्वाइस या मुलींच्या गटाचं ‘लाइकी’ कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये चित्रित झालं, न्यूजीन्स या दुसऱ्या गटाचं ‘अटेन्शन’ स्पेनमध्ये, गायिका लिसाचं २०२४ चं ‘रॉकस्टार’ बँकॉकच्या याओवारात भागात. आणि कोरियात झालेल्या चित्रीकरणांपैकी कितीतरी स्टुडिओतल्या सेटवर होतं. काम संपलं की सेट मोडला, विषय संपला. बीटीएस या सात तरुणांच्या गटाच्या बऱ्याच जागा मात्र उघड्यावरच्या आहेत: समुद्रकिनारा, रेल्वे स्टेशन, डोंगरपायथा. त्या आजही सापडतात, म्हणून या लेखात त्यांचंच पारडं जड आहे.

नेटफ्लिक्सवरचा ‘केपॉप डेमन हंटर्स’ पाहून निघालेल्या मुलांच्या पालकांसाठी एक ओळ. तो ॲनिमेशनपट आहे, त्यामुळे चित्रीकरणाची जागा असा प्रकारच नाही. त्यात दिसणारी सोलची तटबंदी आणि नाकसान पार्क खरे आहेत. ह्येह्वा मेट्रो स्टेशनवरून चढ चढत जायचं, सूर्यास्ताला पोचायचं. त्यासाठी गाइडला पैसे देऊ नका.

यादीत प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: गाणं किंवा अल्बम, व्हिडिओत ती जागा दिसते तो मिनिट-सेकंद, आणि कोरियन लिपीतला पत्ता. तिसरी गोष्ट कंटाळवाणी वाटेल, पण कोरियात पायी आणि गाडीने रस्ता दाखवण्याच्या बाबतीत गुगल मॅप्स वर्षानुवर्षं लंगडा राहिला आहे. तिथे नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप चालतात आणि दोन्हींना कोरियन लिपीतला पत्ता दिला की ते झटकन जागा काढतात. फोनमध्ये दोन्ही उतरवून ठेवा.

कोणत्या जागेला गाइड हवा

सगळ्यात जास्त लोक ज्यासाठी सोल सोडतात तो जुमुन्जिनचा बस थांबा. पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग शहर आहे, त्याच्या उत्तरेला जुमुन्जिन आणि लगत ह्यांगहो नावाचा किनारा. बीटीएसच्या २०१७ च्या ‘यू नेव्हर वॉक अलोन’ अल्बमच्या फोटोत समुद्राकडे पाठ करून उभा असलेला थांबा आहे तो इथला. शूटसाठी उभारला, मग काढून टाकला. पण चाहते येऊन रिकाम्या वाळूचे फोटो काढू लागले, तेव्हा गांगनुंग महापालिकेने २०१८ मध्ये तसाच थांबा पुन्हा बांधला. इथे बस थांबत नाही, हे दरवेळी कुणाला तरी सांगावं लागतं.

या जागेचं गणित उजेडाचं आहे. फोटोत समुद्र मागे हवा, म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे. सकाळी सूर्य थेट भिंगात येतो आणि चेहरे काळे पडतात. सूर्योदयाची काळी आकृती हवी असेल तर पहाटे जा. चेहरा आणि पाण्याचा निळा रंग दोन्ही हवे असतील तर दुपार उलटल्यावर. मधल्या अकरा-बाराच्या सुमारास सोलहून निघालेल्या गाड्या येऊन टेकतात आणि रांग लागते. शनिवार-रविवारी तर नक्कीच. रांगेत एकेक गट पुढे जातो, दोन-चार फोटो काढून बाजूला होतो. तिथे बसून गाणं लावून पूर्ण नाच बसवायचा बेत असेल तर कामाच्या दिवशी जा.

इथे जाण्यासाठी सोलपासून व्हॅन करणं मला पटत नाही. सोल ते गांगनुंग केटीएक्स रेल्वे साधारण दोन तासांत नेते, गाडीला अडीच-तीन तास सहज लागतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे चार होतात. रेल्वेने जा, गाइडला गाडीसह गांगनुंग स्टेशनवर भेटायला सांगा. पैसे तेवढेच लागले तरी महामार्गावर जाणारे तास समुद्रावर घालवता येतात. याच फेरीत येओंगजिन किनाऱ्यावरचा धक्का पाहून होतो. ‘गॉब्लिन’ ही मालिका पाहिलेल्यांना तो वेगळा सांगायला नको.

गांगनुंगच्या दक्षिणेला सामचोक, आणि त्याच्याही खाली मेंगबांग किनारा. बीटीएसच्या २०२१ मधल्या ‘बटर’चे फोटो इथले. शूटची आठवण म्हणून रंगीत छत्र्या आणि खुर्च्यांची मांडणी इथे केली होती, आणि टूरच्या जाहिरातींत अजून तेच फोटो फिरत असतात. ती मांडणी आज तिथे उभी असेल असं गृहीत धरून जाऊ नका, गाइडकडून ताजा फोटो मागवा. या किनाऱ्याला लागून कोळशावर चालणारं वीज केंद्र उभं राहिलं, तेव्हा किनाऱ्याची धूप आणि प्रदूषण यांवरून के-पॉप चाहत्यांच्याच ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ या गटाने मोहीम चालवली होती. चांगला गाइड ही गोष्ट आपणहून सांगतो. नाही सांगितली तर विचारा. फोटोपेक्षा ती ऐकण्यात जास्त रस आहे.

दुसरी मोठी जागा इर्योंग स्टेशन, सोलच्या वायव्येला यांगजू शहरात. बीटीएसच्या ‘स्प्रिंग डे’च्या व्हिडिओत बर्फात त्यांच्यातला व्ही रुळाला कान लावतो ते हे स्टेशन. २००४ पासून या मार्गावरच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, म्हणून चित्रीकरणाला स्टेशन मोकळं मिळायचं आणि पुढची कित्येक वर्षं चाहते रुळांवर झोपून फोटो काढायचे. जानेवारी २०२५ मध्ये हा मार्ग पुन्हा सुरू झाला. आता ते चालू स्टेशन आहे. रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे आणि धोकाही. एखाद्या गाइडच्या जाहिरातीत आजही रुळांवर बसलेले पाहुणे दिसले, तर त्याची माहिती किमान त्या तारखेपर्यंत तरी शिळी आहे असं समजा.

गंमत अशी की मार्ग सुरू झाल्यामुळे इर्योंगला गाइडची गरजच कमी झाली. देगोक स्टेशनला मेट्रोने जायचं, तिथून उइजोंगबूकडे जाणारी गाडी धरायची, इर्योंगला उतरायचं. गाड्या मेट्रोसारख्या दर पाच मिनिटांनी नाहीत, त्यामुळे परतीची वेळ उतरण्याआधी पाहून ठेवा. स्टेशनभोवती वेळ काढायला फारसं काही नाही.

गाडीसह गाइड घेण्याचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते योंगिनच्या दे जांग गुम पार्कमध्ये. एमबीसी वाहिनीचा हा ऐतिहासिक मालिकांसाठी उभारलेला कायमचा सेट. बीटीएसमधल्या शुगाने ऑगस्ट डी या नावाने २०२० मध्ये केलेल्या ‘देच्विता’ गाण्याचा व्हिडिओ इथला. अख्खं गाव, वाडे, दरबार, तुरुंग, बाजारपेठ. तिकीट काढून आत जायचं, चढउतार भरपूर. बसने जाता येतं, पण अदलाबदल करता करता जीव मेटाकुटीला येतो. इथे व्हिडिओ फोनवर लावून ‘हा कुठला चौक’ असं शोधत फिरण्यात तीन तास जातात. ज्याने हे आधी केलं आहे असा माणूस बरोबर असेल तर दीड तासात होतं. निघण्याआधी गाइडकडून एक खात्री करून घ्या: त्या दिवशी एखाद्या मालिकेचं चित्रीकरण चालू आहे का? तसं असेल तर काही भाग बंद ठेवतात. हा फोन कोरियनमध्येच करावा लागतो, आणि याच कामाचे आपण पैसे देत असतो.

एखादी रात्र काढायची तयारी असेल तर मी वानजूला पहिला नंबर देईन. दक्षिणेकडे, जोन्जू शहराला लागून. बीटीएसच्या २०१९ च्या समर पॅकेजचं, म्हणजे चाहत्यांसाठी काढलेल्या उन्हाळी फोटो-व्हिडिओ संचाचं, शूट इथे झालं: ओसोंगमधली पारंपरिक घरं, आवॉन गोतेक, तलावाच्या बांधावरचं एकटं पाइनचं झाड, विबोंगची डोंगरी तटबंदी. आवॉन हे अडीचशे वर्षांचं घर मूळचं जिन्जूचं, तिथून सोडवून इथे पुन्हा उभारलेलं. ते राहण्याचं ठिकाण आहे, बाहेरच्यांना तिकीट काढून ठराविक वेळातच आत सोडतात. जागा विखुरलेल्या असल्याने गाडीशिवाय हाल होतात. सोलहून जोन्जूपर्यंत रेल्वे, पुढे स्थानिक गाइड. परत इथेही तेच सूत्र.

बाकीचं भराभर. जेचॉनच्या मोसान धावपट्टीवर बीटीएसच्या ‘यंग फॉरेव्हर’चं चित्रीकरण झालं, लांबलचक सरळ पट्टा, कट्टर चाहत्यांसाठीच. त्यांचंच ‘सेव्ह मी’ ज्या सेमांगुमच्या भरावावर झालं तिथे मुद्दाम जाण्यासारखं काही नाही, मोकळं मैदान आणि वारा. देगूत व्हीचं भित्तिचित्र तो शिकला त्या शाळेच्या भिंतीवर आहे. देगू बुसानच्या वाटेवरच आहे, बुसानला जाताना उतरून पाहून या.

सोल शहरातला अर्धा दिवस

ग्योंगबोकगुंग राजवाड्यात बीटीएसने २०२० मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या जिमी फॅलनच्या कार्यक्रमासाठी सादरीकरण केलं: ‘आयडॉल’ सिंहासनाच्या सभागृहापुढे आणि ‘मायक्रोकॉसमॉस’ तळ्यातल्या ग्योंगहोएरु मंडपात. राजवाडा मंगळवारी बंद असतो. हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर प्रवेश फुकट. रात्रीच्या उजेडातलं दृश्य हवं असेल तर वसंत आणि शरद ऋतूत रात्रीचं विशेष दर्शन असतं, त्याची तिकिटं हातोहात जातात. गाइडला तारखा आधीच विचारून ठेवा.

राजवाड्याशेजारच्या बुकचॉन वस्तीत लोक राहतात. नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या सर्वांत गर्दीच्या गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच मुभा आहे. वेळेबाहेर गेलात तर एक लाख वॉन दंड. माझ्या मते गाइडची परीक्षा घ्यायला हा उत्तम प्रश्न आहे: ‘संध्याकाळी सातला बुकचॉन करू या का?’ जो हो म्हणेल त्याला राम राम.

दक्षिणेला गांगनाम भागात नोनह्यॉनचं युजोंग शिकदांग हे खानावळवजा हॉटेल, बीटीएसची पोरं शिकाऊ असताना इथे जेवायची. भिंतींवर पोस्टर, फोटो आणि जगभरच्या चाहत्यांच्या चिठ्ठ्या यांची एवढी दाटी की मूळ रंग दिसत नाही. जवळच त्यांच्या जुन्या वसतिगृहाच्या जागी ह्युगा कॅफे आहे. तिथून आपगुजोंग रोडिओ स्टेशनला गेलं की के-स्टार रोडवरचे अस्वलांच्या आकाराचे पुतळे. पुढे कोएक्स मॉलबाहेर ‘गांगनाम स्टाइल’मधल्या एकमेकांवर ठेवलेल्या दोन मुठींचं मोठं शिल्प. हा पट्टा चालत आणि मेट्रोने तीन-चार तासांत आरामात होतो.

संगीत कंपन्यांच्या इमारती: बीटीएसची कंपनी हाइब योंगसानला, एसएम सोंगसूला, वायजी हापजोंगला, जेवायपी शहराच्या पूर्व टोकाला. चार इमारती चार दिशांना, आणि आत कुठेच सोडत नाहीत. हाइबमधलं संग्रहालय २०२३ च्या सुरुवातीलाच बंद झालं, तरी काही जुन्या याद्यांत ते अजून दिसतं. एसएमच्या तळघरातलं दुकान आणि वायजीसमोरचा त्यांचाच कॅफे तेवढे आत बसण्याजोगे. मला विचाराल तर यातली एकच निवडा.

गाइड निवडताना

परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या ट्रॅव्हल कंपनीने सरकारी परवाना असलेलाच गाइड द्यायचा, असा कोरियातला कायदा आहे. परवान्याचं ओळखपत्र गाइडने काम करताना दिसेल असं लावायचं असतं. परवान्याच्या परीक्षेत हिंदी भाषा नाही, त्यामुळे ‘परवानाधारक हिंदी गाइड’ असा दावा दिसला तर परवाना कोणत्या भाषेचा ते विचारा. इंग्रजीचा असून वर हिंदी बोलणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

गाडीचंही पाहायचं. आपल्याकडे टॅक्सीला पिवळी पाटी असते तशीच कोरियातही भाड्याने प्रवासी नेणाऱ्या टॅक्सी-बसला असते. पाटी पांढरी असली म्हणून लगेच घाबरू नका, कारण ११ ते १५ आसनी भाड्याची व्हॅन चालकासह देण्याची तिथे मुभा आहे. पण गाइडने स्वतःची घरची कार आणली आणि त्याचे पैसे घेतले तर ते बेकायदा ठरतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बुकिंगच्या आधीच लिहून विचारा: गाडी कुणाच्या नावावर, किती आसनी, प्रवाशांचा विमा आहे का.

पहिलाच संदेश नेमका पाठवला की निम्मी चाळणी तिथेच होते. सोप्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहा. मजकूर साधारण असा:

‘आम्ही चार जण, त्यात एक सत्तरीच्या आजी आणि एक चौदा वर्षांची मुलगी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कामाच्या दिवशी. गांगनुंग स्टेशनवर सकाळी दहाला भेटायचं, संध्याकाळी सहाला तिथेच सोडायचं. जुमुन्जिनचा बस थांबा दुपारी तीननंतर हवा. दोघं पूर्ण शाकाहारी, मासे आणि माशांचा रसही नको. गाडी, इंधन, टोल, पार्किंग, प्रवेश तिकिटं, तुमचं जेवण यांतलं काय किमतीत आहे आणि काय नाही? ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर तासाला किती? प्रत्येक जागेचा गेल्या महिन्याभरातला एक फोटो पाठवाल का?’

उत्तर कसं येतं ते पाहा. ‘काळजी करू नका, सगळं आहे’ असं आलं तर पुढे जाऊ नका. ‘बस थांबा तीनला घेतला तर मेंगबांगला अंधार पडेल, दोन्हींपैकी एक निवडा’ असं जो लिहितो तो तुमचा माणूस. आणखी एक कसोटी: यादीत तुम्हाला ठाऊक नसलेली जागा गाइडने घातली, तर व्हिडिओतला मिनिट-सेकंद विचारा. ‘अमुक कलाकाराचा आवडता कॅफे’ या प्रकाराला पुरावा नसतो, तिथे कॉफी महाग असते एवढंच खरं.

पैशांचं बोलणं

एक हजार वॉन म्हणजे साधारण ६० ते ६५ रुपये. गाडी आणि गाइडसह पूर्ण दिवसाचा दर काही लाख वॉन असतो, आणि तो बहुधा माणशी नसून गाडीमागे असतो. म्हणूनच दोघांना महाग पडणारी टूर पाच-सहा जणांत वाटली की समूह सहलीच्या जवळ येते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे किती तास, हे लेखी घ्या. कुणी आठ धरतो, कुणी दहा. मोजणी हॉटेलपासून की पहिल्या जागेपासून, हेही. बक्षिसी देण्याची पद्धत कोरियात नाही, टूर संपल्यावर ती मागितली जात असेल तर ते किमतीत आधीच यायला हवं होतं.

थेट गाइडला पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. थोडी आगाऊ आणि बाकी त्या दिवशी, किंवा रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशा बुकिंग संकेतस्थळावरून कार्डाने. पाऊस पडला तर काय, हे आधीच बोलून घ्या. जूनअखेर ते जुलै कोरियाचा पावसाळा असतो आणि किनाऱ्यावरचा दिवस वाहून जाऊ शकतो.

तारखा ठरवताना छुसोक आणि सोल्लाल हे दोन सण टाळा. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या रस्त्याची गणपतीच्या आदल्या दिवशी जी गत होते, तीच त्या दिवसांत सोलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक महामार्गाची होते, आणि रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात. एरवी रेल्वेचं आरक्षण महिनाभर आधी उघडतं. शुक्रवार ते रविवारच्या गांगनुंगच्या गाड्या लवकर भरतात.

आपल्याकडच्या ट्रॅव्हल कंपनीच्या जपान-कोरिया सहलीबरोबर जात असाल आणि मधला एखादा दिवस सोडून ही टूर करायची असेल, तर टूर मॅनेजरला निघण्याआधी, भारतातच, लेखी कळवा. पासपोर्ट गटाबरोबर जमा असेल तर तो त्या दिवशी आपल्याकडे घ्या.

दिवस जोडताना

नकाशा न पाहता केलेला आराखडा ओळखायला सोपा: इर्योंग आणि योंगिन एका दिवशी. एक सोलच्या वायव्येला, दुसरं आग्नेयेला, मध्ये अख्खं सोल आणि त्याची वाहतूक. कागदावर दोन जागा दिसतात, प्रत्यक्षात दिवस गाडीतच संपतो. तसंच गांगनुंग आणि वानजू. एक पूर्व किनारा, दुसरं नैऋत्येला.

मी असं जोडेन: एक दिवस गांगनुंग, रेल्वेने, तिथे गाडीसह गाइड. एक दिवस योंगिन गाडीने, त्याच भागातलं कोरियन लोकग्राम बघायचं तर तेही. इर्योंग सकाळी आपलं आपण, दुपारी परत येऊन ग्योंगबोकगुंग. गांगनामचा अर्धा दिवस पायी, इथे चाहत्यांच्या जगातला तरुण गाइड मिळाला तर बहार, कारण कलाकाराच्या वाढदिवसाच्या आठवड्यात चाहते कॅफे सजवून छापील पेले वाटतात, त्यांचे पत्ते त्यालाच ठाऊक असतात. एका दिवसात तीनपेक्षा जास्त जागा नकोत. आजी बरोबर असतील तर दोनच.

पोटाचं काय

शाकाहारी मंडळींनी हा भाग गाइडवर पूर्ण सोपवू नये. कोरियन स्वयंपाकात मांस काढून टाकलं की पदार्थ शाकाहारी झाला असं समजतात, पण रस्सा सुक्या माशांचा असतो आणि किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी. बिबिमबाप हा भात-भाज्यांचा पदार्थ मांस आणि अंडं काढून मिळतो, युजोंग शिकदांगमध्येही विचारून पाहा. गांगनुंगला छोदांग हे टोफूचं गाव आहे, समुद्राच्या पाण्याने टोफू बांधतात. तिथला पांढरा, बिनमसाल्याचा मऊ टोफू मागा. लाल रश्श्याच्या प्रकारात बरेचदा शिंपले असतात.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणारे असतील तर बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी हॉटेलं शोधायला सांगा. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय लसूण आणि कांदापातही वर्ज्य. कंदमुळं मात्र असतात, ती वेगळी सांगावी लागतील. आणि सोलबाहेर जाताना थेपले-भडंग पिशवीत असू द्या. रेल्वेत खाल्लेलं चालतं.

फोटो, आणि कुठे थांबायचं

कोरियन लोक अनोळखी माणसाच्या कॅमेऱ्यात यायला नाखूश असतात. व्हिडिओ करताना मागे दुकानदार किंवा शाळकरी मुलं येत असतील तर कॅमेरा वळवा. ड्रोन घरीच ठेवा, मध्य सोलवर उडवायला बंदी आहे. कलाकारांच्या सध्याच्या घराबाहेर नेण्याची तयारी दाखवणारा गाइड मिळाला तर तो सौदाच मोडा. पाठलागाविरुद्धचा कायदा कोरियात ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, आणि अशा चाहत्यांना तिकडे ‘सासेंग’ म्हणतात. तो शिक्का कुणालाच नको असतो.

कलाकार प्रत्यक्ष दिसावेत ही इच्छा असेल तर टीव्ही वाहिन्यांवरच्या संगीत कार्यक्रमांचं वेळापत्रक पाहा: एमनेटचा गुरुवारी, केबीएसचा शुक्रवारी, एमबीसीचा शनिवारी, एसबीएसचा रविवारी. आत प्रवेश मिळणं अवघड असतं आणि त्याच्या हमीवर पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

निघण्याआधीची किरकोळ कामं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. के-इटीए नावाची ऑनलाइन परवानगी आपल्याला लागू नाही, ती काढून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नका. मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. अर्ज कुठे आणि कसा द्यायचा ते त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत गाइडचं बुकिंग रद्द करता येण्याजोगंच ठेवा. मेट्रो-बससाठी टी-मनी कार्ड घ्या आणि ते भरायला थोडे रोख वॉन जवळ ठेवा. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे गाइडला रात्री दहाला संदेश टाकलात तर तिकडे दीड वाजलेला असतो.

आणि १३३० हा क्रमांक फोनमध्ये साठवा. कोरियाच्या पर्यटन विभागाची ही चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, इंग्रजीतून बोलता येतं. राजवाड्याच्या रात्रीच्या तारखा, बंद रस्ता, हॉटेलवाल्याला दोन वाक्यं समजावून सांगणं, इथपासून गाइडविरुद्धच्या तक्रारीपर्यंत सगळं तिथे होतं. तक्रार करायची वेळ आली तर ओळखपत्राचा आणि गाडीच्या पाटीचा फोटो लागतो, म्हणून तो सकाळी भेटल्या भेटल्या, हसत हसत, काढून ठेवायचा.